विश्रांति कीं हालचाल? : लचकलेल्या स्नायूचा इतिहास

मनुष्याच्या शरीरास होणाऱ्या इजांमध्यें स्नायु ताणला जाणें ही इजा अत्यंत सामान्य, आणि म्हणूनच इतिहासकारांनीं अत्यंत उपेक्षिलेली आहे. देवी, पटकी, प्लेग ह्यांनीं राज्यें हालविलीं. त्यांचे इतिहास लिहिले गेले हें योग्यच झालें. परंतु हंडा उचलतांना कंबरेंत भरलेली उसण, किंवा जिना उतरतांना पोटरींत निघालेली कळ, ह्यांचा इतिहास कोण लिहिणार? ह्या दुखण्यानें कोणी मरत नाहीं. मनुष्य आठ-पंधरा दिवस कामावरून नाहींसा होतो, एवढेंच. पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याच्या घरीं हे पंधरा दिवस म्हणजे काय, हें सांगावयास नको. आणि ज्या वृद्ध माणसास सर्वजण मायेनें 'आतां पडून राहा' असें सांगतात, तें माणूस पुष्कळदां पुन्हां पूर्वीसारखें चालूं लागत नाहीं. तेव्हां लचकलेला अवयव निजवावा कीं चालवावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. ह्या एका प्रश्नास निरनिराळ्या काळांनीं जीं उत्तरें दिलीं, त्यांची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. आज आपण 'स्नायु' म्हणतों तेव्हां आंखडणारे व सैल पडणारे मांसाचे पट्टे आपल्या मनांत असतात. सुश्रुतसंहितेंत ह्या पट्ट्यांस 'पेशी' असें नांव असून त्यांची संख्या ५०० सांगितली आहे. तेथील 'स्नायु' म्हणजे शरीर एकत्र बांधून ठेवणारे दोर, आणि त्यांची संख्या ९००. पुढें मराठींत स्नायु हा शब्द मांसाकडे सरकला आणि पेशी हा शब्द सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या शरीराच्या घटकाकडे गेला. बोलभाषेनें ह्याहून निराळी वाट धरली आहे. पाय मुरगळला, लचक भरली, उसण भरली, चमक निघाली, शीर आंखडली, ह्या साऱ्या प्रयोगांत दुखणाऱ्याच्या अनुभवाचें चित्र आहे. आंत काय मोडलें ह्याचा निर्णय नाहीं. शास्त्रदृष्ट्या पाहतां, हाडास हाड बांधणारा बंध ताणला तर तें मुरगळणें, आणि मांसाचे तंतु तुटले तर तें स्नायु ताणणें होय. हे तंतु थोडे तुटतात, पुष्कळ तुटतात, किंवा सबंध पट्टाच दुभंगतो. त्यावरून इजेच्या तीन पायऱ्या मानतात. जुन्या वैद्यांस हा भेद नेहमींच दिसत होता असें नाहीं. म्हणून त्यांच्या हकीकती वाचतांना दोन्ही इजा जवळजवळच ठेवाव्या लागतात.

ह्या प्रश्नाचा एक फार जुना लेखी साक्षीदार इजिप्तमध्यें सांपडतो. एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८६२ मध्यें लक्सर येथें पपायरसाची एक गुंडाळी विकत घेतली. जेम्स हेन्री ब्रेस्टेड ह्या पंडितानें तिचें इंग्रजी भाषांतर १९३० मध्यें प्रसिद्ध केलें. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास नकलून काढलेल्या, पण मूळच्या त्याहूनही जुन्या अशा ह्या ग्रंथांत इजांचीं ४८ प्रकरणें असून तीं डोक्यापासून क्रमानें खालीं येतात. शेवटचें प्रकरण पाठीच्या कण्यांत भरलेल्या लचकेचें आहे. वैद्यानें रुग्णास पाय लांब करावयास व पुन्हां आंखडावयास सांगावें. लांब करतांच कळ येऊन त्यानें ते लगेच आंखडून घेतले तर लचक समजावी, आणि हें दुखणें आपण बरें करूं असें म्हणावें, इतकें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. आजचा वैद्यही कंबरेच्या रुग्णाचा पाय उचलून पाहतो, तें आठवून वाचकांस नवल वाटेल. पुढें लेखक उपचाराकडे वळतो. रुग्णास उताणें निजवावें असें लिहितो. आणि त्यानंतरच्या वाक्याच्या मध्येंच लेखणी थांबते. निजविलें, पुढें काय करावयाचें? हें अपुरें वाक्य पुरें करण्याची खटपट त्यानंतर साडेतीन हजार वर्षें चालली आहे.

ग्रीक वैद्यांनीं तें एका रीतीनें पुरें केलें. हिपॉक्रेटिसच्या नांवावर असलेल्या सांध्यांवरील ग्रंथांत, उखळलेला खांदा बसविल्यावर तो मऊ हातांनीं हळुवार चोळावा असें सांगून, योग्य चोळण्यानें सैल सांधा घट्ट होतो व ताठ सांधा मोकळा होतो असा अनुभव नमूद केला आहे. आपल्याकडे सुश्रुतानें ह्याहूनही मार्मिक गोष्ट सांगितली. भग्नचिकित्सेच्या अध्यायांत तळहाताच्या इजेविषयीं लिहितांना तो म्हणतो कीं, रुग्णानें हातांत प्रथम शेणाचा गोळा धरावा, मग मातीचा, आणि हातास बळ आलें म्हणजे दगड. उपचार हाडाच्या इजेचा असला, तरी त्यांतील तत्त्व स्नायूसही तंतोतंत लागू पडतें. शेण, माती, दगड: वजन एकाएकीं न घालतां पायरीपायरीनें वाढवीत न्यावें, आणि पायरी केव्हां चढावी हें दिवस मोजून नव्हे तर अवयवाचें बळ पाहून ठरवावें. आजचीं व्यायामोपचाराचीं पुस्तकें ह्यापेक्षां अधिक शब्द वापरतात. अधिक सांगतातच असें नाहीं.

मध्ययुगांत हें ज्ञान ग्रंथांपेक्षां आखाड्यांत अधिक सांभाळलें गेलें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा मानसोल्लास हा ग्रंथ सुमारें ११२९ चा. जुन्या मराठीच्या अभ्यासकांस तो त्यांतील मराठी शब्दांमुळें परिचित आहेच. त्यांतील मल्लविनोदाच्या प्रकरणांत मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत ह्यांचें वर्णन येतें. अभ्यंग व अंगमर्दन ह्यांसही ग्रंथांत मानाचें स्थान आहे. ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेली तालमीची लाल माती व मेहनतीनंतरची मालीश महाराष्ट्रास अजूनही अपरिचित नाहीं. मल्लास अंथरुणावर महिना काढणें परवडत नाहीं. म्हणून तालीम ही सहजच हालचालीच्या पक्षाची राहिली. तथापि लोकव्यवहारांत शहाणपणाबरोबर भाबडेपणाही वाहत येतो. उसण भरली कीं पायाळू माणसाकडून पाठीस लाथ लावून घेण्याची चाल ह्याचें उदाहरण होय. उसण बहुधा कांहीं दिवसांत आपोआपच ओसरते, आणि श्रेय लाथेस मिळतें!

हिंदुस्थानांतील मर्दनकला इंग्लंडांत नेण्याचें श्रेय १७५९ मध्यें पाटणा येथें जन्मलेल्या शेख दीन महंमद ह्यास आहे. कंपनीच्या सैन्यांत नोकरी करून तो प्रथम आयर्लंडांत व नंतर इंग्लंडांत गेला. ब्रायटन येथें त्यानें काढलेल्या वाफेच्या स्नानगृहांत अंग चेपण्याची व्यवस्था होती. १८२२ मध्यें त्यानें आपल्या उपचारांवर पुस्तक लिहिलें, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम ह्या दोन राजांचा अंगमर्दक म्हणून तो नांवाजला. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या कुबड्या तेथें टांगून ठेवलेल्या असत. आज केंस धुण्याच्या द्रवास जग ज्या नांवानें ओळखतें, तें 'शांपू' हें नांव आपल्या 'चांपणें' ह्या क्रियेच्याच कुळांतलें आहे.

परंतु ह्याच शतकांत युरोपांतील विद्वान् वैद्यांचें मत उलट दिशेस झुकलें. जॉन हिल्टन ह्या लंडनच्या शस्त्रवैद्यानें १८६० ते १८६२ ह्या काळांत विश्रांति आणि वेदना ह्या विषयावर व्याख्यानें दिलीं. तीं १८६३ मध्यें ग्रंथरूपानें निघून पुढें फार मान्य झालीं. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस हा त्याहूनही कडक. विश्रांति सक्तीची, अखंड आणि दीर्घ असली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. गंमत अशी कीं, हा टॉमस वेल्समधील अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या घराण्यांत जन्मला होता. ह्या दोघांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्यापुढें क्षयानें पोखरलेले सांधे आणि मोडलेलीं हाडें होतीं. तेथें विश्रांतीनें पाय वांचत आणि प्राणही वांचत. टॉमसच्या नांवाच्या मांडीच्या पट्टीनें पहिल्या महायुद्धांत असंख्य सैनिकांवर उपकार केले आहेत. चूक झाली ती पुढच्यांची: जो नियम क्षयी सांध्यास योग्य, तोच त्यांनीं ताणलेल्या पोटरीस लावला. इलाज खरा असूनही त्याची हद्द विसरली कीं तो अपाय होतो, हा वैद्यकाच्या इतिहासांतील नेहमींचा अनुभव आहे.

विद्वानांनीं निजविलेले हे रुग्ण मग उठून जात कोणाकडे? हाडवैद्याकडे! महिनोगणती बांधून ठेवल्यामुळें ताठ झालेला सांधा हाडवैद्य एका झटक्यांत मोकळा करी, आणि नांव कमावी. सर जेम्स पॅजेट हा त्या काळचा अग्रगण्य शस्त्रवैद्य. त्यानें हाडवैद्य बऱ्या करीत असलेल्या दुखण्यांवर एक व्याख्यान दिलें, तें १८६७ मध्यें छापून निघालें. सांध्याच्या इजा बऱ्या होण्यास उशीर लागण्याचें मोठें कारण म्हणजे गरजेहून लांबविलेली विश्रांति, हें त्यानें त्यांत मोकळेपणानें मान्य केलें, आणि हाडवैद्यांचें चांगलें असेल तें घ्यावें व वाईट टाकावें, असा उपदेश आपल्या विद्यार्थ्यांस केला. तो उपदेश कृतींत आणणारा वैद्यही लौकरच निघाला. रिचर्ड हटन नांवाच्या लंडनच्या हाडवैद्याच्या आजारांत एका डॉक्टरानें मोबदला न घेतां त्याची शुश्रूषा केली होती. त्या उपकाराची फेड म्हणून हटननें आपली विद्या शिकविण्याची तयारी दाखविली. डॉक्टराचा मुलगा व्हार्टन हूड ती शिकला, आणि १८७१ मध्यें त्यानें ती सर्वांसाठीं प्रसिद्ध केली. घराण्याच्या कुलपांत राहणारी विद्या अशा रीतीनें उघड्यावर आली. तरीही कुंपण पडलें नाहींच. हर्बर्ट बार्कर ह्या प्रसिद्ध हाडवैद्याच्या रुग्णांस गुंगीचें औषध दिल्याबद्दल एका डॉक्टराचें नांव १९११ मध्यें वैद्यांच्या यादींतून काढून टाकण्यांत आलें. आणि त्याच बार्करला १९२२ मध्यें 'सर' ही पदवी मिळाली!

दोन्ही पक्षांस जोडणारा पूल युरोपांत इतर ठिकाणीं बांधला जात होता. पेर हेन्रिक लिंग ह्यानें स्टॉकहोम येथें १८१३ मध्यें व्यायामाची संस्था काढून शास्त्रोक्त हालचालीचा पाया घातला. योहान गेओर्ग मेत्सगर ह्या डच वैद्यानें १८६८ मध्यें आपला पदवीचा प्रबंधच मुरगळलेल्या पायावर मर्दनानें करावयाच्या उपचारासंबंधानें लिहिला. फ्रान्सचा शस्त्रवैद्य ज्युस्त ल्युका-शांपियोन्येर तर मोडलेल्या हाडाच्या रुग्णासही लौकर मर्दन व हालचाल द्यावी असें प्रतिपादूं लागला. इंग्लंडांत १८९४ मध्यें 'मालीश' ह्या नांवाखालीं भलतेच धंदे चालल्याचा गवगवा झाला, तेव्हां कांहीं परिचारिकांनीं आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठीं प्रशिक्षित मर्दनकारांची संस्था स्थापिली. तिला १९२० मध्यें राजसनद मिळाली. आजच्या फिजिओथेरपीच्या व्यवसायाचें एक मूळ ह्या चार-दोन स्त्रियांच्या निर्धारांत आहे, हें विसरतां कामा नये.

एवढें झालें तरी वाद मतांचाच होता, मोजमापाचा नव्हता. स्नायु आंतून कसा सांधला जातो हें कळल्यावांचून निकाल लागणें शक्य नव्हतें. १९६१ मध्यें अलेक्झांडर मॉरो ह्यास बेडकाच्या स्नायूंत, तंतूच्या कडेस चिकटून निजलेल्या लहान पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून दिसल्या. ह्यांस उपग्रह-पेशी म्हणतात. तंतु तुटला कीं त्या जाग्या होतात, वाढतात आणि नवा तंतु घडवितात. त्याच वेळीं फटींत व्रणाचा चिवट धागाही विणला जातो. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस रक्त सांकळणें, सूज आणि मेलेल्या भागाची झाडलोट. मग कित्येक आठवडे नवें मांस आणि व्रणाचा धागा ह्यांची शर्यत! फिनलंडमध्यें मार्क्कु यार्विनेन ह्यानें १९७० नंतरच्या दशकांत उंदरांच्या पोटरीवर प्रयोग करून ही शर्यत पाहिली. पहिल्याच क्षणापासून पाय चालविला तर सांधा पुन्हां उसवतो व व्रण मोठा होतो. फार दिवस बांधून ठेवला तर नवे तंतु अस्ताव्यस्त व दुबळे वाढतात. थोडे दिवस विश्रांति देऊन मग चालविला तर तंतु ओढीच्या दिशेनें सरळ रांगेंत बसतात. विद्वानाचें पहिल्या दोन दिवसांपुरतें खरें होतें आणि मल्लाचें तिसऱ्या दिवसापासून खरें होतें!

माणसांवरील मोजणीनेंही हेंच दाखविलें. अंथरुणाच्या धोक्यांविषयीं रिचर्ड अॅशर ह्या इंग्रज वैद्यानें १९४७ मध्येंच एक खोंचदार लेख लिहून इशारा दिला होता. १९८६ मध्यें अमेरिकेंत कंबर धरलेल्या २०३ रुग्णांपैकीं कांहींस दोन दिवस व कांहींस सात दिवस निजावयास सांगितलें. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस शेंकडा ४५ नें कमी बुडाले, आणि दुसऱ्या कोणत्याही बाबतींत त्यांचा तोटा झाला नाहीं. १९९५ मध्यें हेलसिंकी येथें नगरपालिकेच्या १८६ नोकरांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे सोसवेल तेवढे नित्याचे व्यवहार करीत राहिले तेच सर्वांत लौकर बरे झाले. आणि २०१७ मध्यें कोपनहेगन येथील संशोधकांनीं मांडीचा किंवा पोटरीचा स्नायु फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंची हकीकत छापली. अर्ध्यांचा व्यायाम इजेनंतर दोन दिवसांनीं सुरू केला, अर्ध्यांचा नऊ दिवसांनीं. पहिल्यांस वेदना न होतां खेळांत परतण्यास मध्यम हिशोबानें ६२.५ दिवस लागले, दुसऱ्यांस ८३. सात दिवस काळजीपूर्वक वांचविले, आणि त्यांच्या व्याजांत सुमारें तीन आठवडे गमावले. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यानें आणि रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यानेंही हा हिशोब ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

बर्फाची गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. अमेरिकेंतील गेब मर्किन ह्या वैद्यानें १९७८ मध्यें आपल्या पुस्तकांत विश्रांति, बर्फ, दाब आणि उंची ह्या चार उपायांच्या इंग्रजी आद्याक्षरांनीं एक सुटसुटीत शब्द बनविला, आणि तो जगांतल्या प्रत्येक क्रीडांगणावर पोंचला. सूज ही शत्रु मानून ती दाबण्याकडे त्याचा कल होता. पुढें असें दिसूं लागलें कीं, सूज ही झाडलोट करणारांची वाटही आहे. २०१४ मध्यें ह्याच मर्किननें लिहून जाहीर केलें कीं, बर्फ आणि पूर्ण विश्रांति ह्यांनीं बरें होण्यास उलट उशीर लागण्याचा संभव आहे. स्वतःच्या हातानें रूढ केलेला, आपल्या कीर्तीचा पाया असलेला नियम उतारवयांत स्वतःच मोडणें सोपें नाहीं. शास्त्राचा मोठेपणा अशाच कृतींत दिसतो. बर्फानें वेदना तात्पुरती कमी होते ह्यांत वाद नाहीं. पण २०१९ पासून पुढें आलेल्या नव्या मार्गदर्शनांत त्याचें महत्त्व ओसरलें असून लौकर व बेताचा भार, रुग्णाची हिंमत आणि व्यायाम ह्यांस अग्रस्थान मिळालें आहे.

मग आपल्या घरांत ह्या इतिहासाचा उपयोग काय? दोन उलट चुका आपल्याकडे एकाच आठवड्यांत होतात. पहिल्या दिवशीं, जेव्हां आंतून रक्त झिरपत असतें, तेव्हां कढत शेक आणि जोरकस मालीश चालते. आणि तिसऱ्या दिवसापासून, जेव्हां हळूहळू हालचाल हवी, तेव्हां रुग्णास अंथरुणांत जखडून टाकतात. क्रम नेमका उलटा पाहिजे. पहिले दोन दिवस तो अवयव कामांतून काढावा, रक्ताची ये-जा न अडेल अशा बेतानें पट्टी बांधावी, उंच ठेवावा. चोळूं नये, ओढूं नये. मार लागून सुजलेली मांडी त्या वेळीं रगडली तर आंत क्वचित् हाडासारखा कठीण गोळाही धरतो. मग सोसवेल इतपत हालवावा, चालवावा, भार वाढवावा. किंचित् दुखल्यास भिऊं नये, वाढतें दुखल्यास एक पायरी उतरावें. घरचा हळदीचा लेप मायेनें लावला तर त्यास आमची ना नाहीं. पण लेप लावून निजविणें म्हणजे उपचार पुरा झाला असें मानूं नये. मात्र इजेच्या वेळीं 'टक्' असा आवाज होऊन स्नायूंत खांच पडली, पायावर उभें राहवेना, अंगास मुंग्या किंवा बधिरता आली, पोटरी लाल व गरम होऊन सुजत चालली, अथवा कंबरेच्या दुखण्याबरोबर पायांतील बळ गेलें किंवा लघवीचा ताबा सुटला, तर घरगुती इलाजांत एक तासही न दवडतां डॉक्टरांकडे जावें. तेथें प्रश्न विश्रांतीचा कीं हालचालीचा, हा राहत नाहीं.

विद्वानांस हाडवैद्य अडाणी वाटला, हाडवैद्यास विद्वान् पोकळ वाटला, आणि दोघांच्या भांडणांत रुग्ण एक तर निजून राहिला किंवा ओढला गेला. पॅजेटसारखा, हूडसारखा एखादा मनुष्य मध्यें उभा राहिला तेव्हांच ज्ञान पुढें सरकलें. आणि शेवटीं निकाल दिला तो धीरानें दिवस मोजणाऱ्यांनीं. इजिप्तच्या त्या लेखकानें अर्धवट सोडलेलें वाक्य आतां पुरें करतां येतें: रुग्णास निजवावें, दोन दिवस, आणि मग त्यास हात देऊन उठवावें. शेणाचा गोळा आधीं, मातीचा मग, दगड शेवटीं.